विगवाल्या साहेबांच्या गावी तीन पुकारे

अमेरिकेतल्या मुलाच्या गावाहून, श्रूजबरीहून निघालो तेव्हा गाडीत माणसं तीन होती आणि पिशव्या सात. सातव्या पिशवीत न्यायमूर्तींचे केस होते.

ते मीच शिवले होते. जुन्या उशीतला कापूस, मुलाची बर्फात घालायची टोपी आणि माझे तीन दिवस, एवढं त्यात खर्ची पडलं होतं. माझी नात रेवा पाचवीत आहे. तिच्या शाळेत दर वर्षी मुलं इतिहासातला एकेक माणूस होतात आणि भिंतीला टेकून पुतळ्यासारखी उभी राहतात. समोर जमिनीवर लाल कागदाचं बटण चिकटवलेलं असतं. त्यावर कुणी पाय दिला की पुतळा तोंड उघडतो आणि आपलं चरित्र सांगतो. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा अंतराळवीर, पोहणाऱ्या बायका, शास्त्रज्ञ सगळे इतरांना गेले. रेवाच्या चिठ्ठीत निघाला अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या सुप्रीम कोर्टातला एक न्यायमूर्ती.

"आजी, ही इज सो बोरिंग," ती वैतागून म्हणाली. "ही डिडन्ट इव्हन डू एनीथिंग!"

"मग खरा न्यायाधीशच दिसतोय," मी म्हटलं.

हे मी अधिकारानं बोलू शकते. तालुक्याच्या कोर्टात चौतीस वर्षं मी बेंच क्लार्क होते. साहेब वर उंचावर आणि मी त्यांच्या पायाशी टेबल घेऊन खाली. डुलक्या काढणारे साहेब पाहिले, शब्दकोडं सोडवणारे पाहिले, निकालाच्या दिवशी नेमके आजारी पडणारेही पाहिले. आम्ही त्यांची नावं कधी घेत नसू. आला तो साहेब, बदली झाली तोही साहेबच. म्हणून या अमेरिकन साहेबांचंही नाव इथे लिहीत नाही. सवय जात नाही.

त्यांचं गाव बोस्टनच्या दक्षिणेला समुद्रकाठी आहे. सून मृदुलाला शनिवारीही काम होतं, म्हणून माझा मुलगा पराग, रेवा आणि मी असे निघालो. गाडी हायवेला लागली तसा परागनं घसा साफ केला.

"आई, फॉर्म सगळा भरून ठेवलाय. फक्त तुझी साइन बाकी आहे. मंडे मॉर्निंगला लॉयरकडे ड्रॉप करतो. काय ते सांग."

फॉर्म माझ्या ग्रीन कार्डचा होता. परागच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी कायमची इथे राहावं असं त्यानं मनात घेतलं आहे. माझं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं आणि ते त्याला कॅन्सल करायचं होतं. अमळनेरला माझं दोन खोल्यांचं घर आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बायकांना अर्ज लिहून देते. हे सगळं परागच्या लेखी 'तिथे आहेच काय' या सदरात मोडतं. मी खिडकीबाहेर पाहून म्हटलं, "झाडं किती हिरवी झाली रे." साक्षीदार प्रश्न कसे टाळतात हे इतकी वर्षं पाहिल्यामुळे मला त्यातले सगळे प्रकार येतात.

गावात पोचलो तर आधी गाव सापडेना. सुबक पांढरी घरं, पुढे हिरवळ आणि माणूस एकही नाही. गावची जुनी कागदपत्रं आणि वस्तू सांभाळणारी एक मंडळ आहे, त्याचं छोटं संग्रहालय एका लाकडी घरात आहे. तिथे पांढऱ्या केसांच्या, पायात बूट आणि गळ्यात चष्मा अडकवलेल्या एक बाई होत्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या. आम्ही त्या दिवसाचे पहिले पाहुणे होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावरून बहुधा त्या आठवड्याचेही.

पलीकडच्या खोलीत जुन्या कोर्टाचं सामान मांडलं होतं. वर साहेबांचं उंच आसन, खाली पुढ्यात एक टेबल, त्यावर दौत आणि बोरू. पुढे लाल दोरी. माझ्या पायांनी मला काही विचारलं नाही. मी दोरी ओलांडली, खुर्ची ओढली आणि बसले. बसून दौत उजवीकडून डावीकडे सरकवली, कारण ती चुकीच्या बाजूला होती.

"मॅडम!" बाई किंचाळल्या.

"आई!" पराग ओरडला. "अगं, म्युझियम आहे ते!"

मी दचकून उभी राहिले. खुर्ची कुरकुरली, पण मोडली नाही. परागनं शंभर वेळा सॉरी म्हणून मी कोण ते सांगितलं. बाईंनी चष्मा चढवला, मला नीट न्याहाळलं आणि दोरी स्वतःच्या हातानं सोडून म्हणाल्या, "मग बसा. या खुर्चीचं काम येणारं माणूस इथे पहिल्यांदाच आलं. काय करायचात ते दाखवा."

मग मी दाखवलं. खटला निघाला की शिपाई दारात जाऊन पुकारा करतो. शिपाई रजेवर असला की मीच करत असे. मोठ्यानं नाव घ्यायचं आणि विचारायचं, 'हजर आहेत का?' एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदाही कुणी आलं नाही, तरच रोजनाम्यात (खटल्याच्या रोजच्या नोंदीत) लिहायचं, 'पुकारले असता गैरहजर'. मग साहेब त्याच्या पाठीमागे हवा तो हुकूम करायला मोकळे.

"ओन्ली आफ्टर थ्री?" रेवानं विचारलं.

"तीनच. दोन हाकांवर लिहिलं तर मोठी चूक. माणूस पाणी प्यायला गेला असेल, जिना चढत असेल."

बाई खूश झाल्या आणि त्यांनी आम्हाला साहेबांचं सगळं आयुष्य ऐकवलं. साहेबांचे वडील न्यायाधीश, आजोबाही न्यायाधीश. म्हणजे आपल्याकडे असतं तसंच. वकिली बेताचीच चालायची. वडील खुर्चीवरून उठले आणि हे तिच्यात बसले. नेमणूक इंग्लंडच्या राजाची. मग राजाविरुद्ध बंड उठलं तेव्हा साहेब बराच काळ कुंपणावर बसून वारा कुठला ते पाहत राहिले आणि शेवटी बंडवाल्यांच्या बाजूला उतरले. त्यांनी यांना राज्याचा मुख्य न्यायाधीश केलं.

इथवर मी मजेत ऐकत होते. पण पुढे बाईंनी सांगितलं की गुलामाला मारहाण केल्याच्या एका खटल्यात याच साहेबांनी ज्यूरीला स्पष्ट बजावलं, आपल्या राज्यघटनेत माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, तेव्हा गुलामगिरी इथे टिकू शकत नाही. आयुष्यात एक वाक्य असं बोलता आलं तर बाकीच्या डुलक्या मी माफ करते.

पहिल्या राष्ट्राध्यक्षानं मग त्यांना सुप्रीम कोर्टावर नेमलं. साहेब न्यूयॉर्कला गेले ते खांद्यावर रुळणारा, पांढरा, तीन पिढ्यांपूर्वीचा विग घालून. रस्त्यात पोरं मागे लागली. साहेबांना वाटलं, काय ही गर्दी! मग एका खलाशानं त्या विगबद्दल मोठ्यानं शेरा मारला, तेव्हा कुठे उजेड पडला. साहेब घरात परतले, छोटा विग मागवला आणि मोठा पुन्हा कधी घातला नाही. रेवा एवढी हसली की तिनं पिशवीतला विग काढून तिथेच डोक्यावर चढवला. बोरिंग माणूस पाच मिनिटांत तिचा आवडता झाला होता.

त्या काळी सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना वर्षातून दोनदा फिरतीवर जाऊन राज्याराज्यांत कोर्ट भरवावं लागे. याला इथे सर्किट म्हणत. साहेब फेटनमधून (चार चाकांच्या उघड्या घोडागाडीतून) फिरत. गाडीत खाऊचे आणि पुस्तकांचे कप्पे होते. बायको शेजारी बसून वाटभर मोठ्यानं वाचून दाखवी, म्हणजे साहेबांना बिनपगारी बेंच क्लार्कही होती. मागच्या छोट्या गाडीतून काळा नोकर सामान घेऊन येई. त्याचं नाव काय, असं मी विचारलं. बाईंनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "इथे लिहिलेलं नाही. असायला हवं होतं." त्यांनी ते एका चिठ्ठीवर टिपून घेतलं.

आणि मग मुख्य गोष्ट. राष्ट्राध्यक्षाच्या घरी जेवण होतं. त्यानं सगळ्यांसमोर यांना सरन्यायाधीश म्हणून हाक मारली आणि उजव्या हाताला बसायला सांगितलं. साहेबांना पत्ताच नव्हता. घरी नेमणुकीचा कागद आला. साहेबांनी तो काही दिवस जवळ ठेवला आणि परत पाठवला. तब्येत बरी नाही म्हणाले.

"आणि मग घरी बसले?" मी विचारलं.

"छे! आपल्या जुन्याच खुर्चीवर गेले आणि मरेपर्यंत काम करत राहिले," बाई म्हणाल्या. "सर्किटसुद्धा."

जेवायला समुद्रकाठी एका टपरीवजा हॉटेलात गेलो. परागनं चावडर (दुधाचा दाट रस्सा, त्यात शिंपल्यांचं मांस) घेतला. मी वासावरूनच नमस्कार केला आणि माझी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी ते काय म्हणून विचारलं. मी अर्धी दशमी दिली. त्यांनी चटणी चमचाभर तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं तरी "व्हेरी नाइस" म्हणत राहिले. न्यू इंग्लंडची माणसं सभ्य आहेत, जीव गेला तरी.

"आई," पराग हळूच म्हणाला, "तू ब्लड प्रेशरची पेशंट. तिथे तुला काही झालं तर मला अठरा-वीस तास लागतात. साइनचं काय?"

तेवढ्यात वाऱ्यानं रेवाच्या डोक्यावरचा विग उडवला. तो वाळूवरून सुटला, एक कुत्रा त्याच्या मागे आणि रेवा कुत्र्याच्या मागे. मीही धावले. गुडघे दुखत असताना मी कधी नव्हे ती इतक्या आनंदानं धावले. विग परत मिळाला, पण डाव्या बाजूच्या दोन वळ्या कुत्र्यानं ठेवून घेतल्या.

साहेबांची कबर रानात आहे. नकाशानं आम्हाला थेट एका गृहस्थाच्या अंगणात नेलं. तो हिरवळ कापत होता.

"जज साहेब ना? सगळे इथेच येतात," तो म्हणाला. "मागे जा, डावीकडे पायवाट आहे. विजारी मोज्यांत खोचा, गोचिडी आहेत."

आम्ही खोचल्या. झाडीत पंधरा-वीस जुने दगड, मधे साहेबांचा. पाखरांशिवाय आवाज नव्हता. रेवानं तिरका झालेला विग चढवला, दगडाशेजारी ताठ उभी राहिली आणि पुतळा झाली. परागनं समोरच्या एका पानावर पाय दिला.

"हाय," पुतळा म्हणाला. "पीपल लाफ्ड अॅट माय विग. आय सेड नोबडी कॅन बी अ स्लेव्ह हिअर. देन दे मेड मी चीफ, अँड आय सेड नो थँक यू, अँड आय केप्ट वर्किंग."

आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर पराग म्हणाला, "आई, खरंच सांग ना. सही करणारेस का?"

"आजी, दॅट्स थ्री!" रेवा विगखालून ओरडली. "कारमध्ये वन, लंचला टू. यू हॅव टू आन्सर नाऊ!"

माझीच शिकवण माझ्यावर उलटली होती. दगडाजवळ उभी राहून मी म्हटलं, "हजर."

पराग हसला नाही. वाट पाहत राहिला.

"सही करणार नाही, बाळा. तुझा कागद मी दोन महिने उशाखाली ठेवला. मान मोठा आहे, कळतं मला. पण माझी खुर्ची तिकडे आहे. बायका मंगळवारी येऊन थांबतात. दर वर्षी सर्किटवर येईन, चार महिने तुझ्याकडे कोर्ट भरवीन. पण घर अमळनेर."

त्यानं पायानं पानं सरकवली. मग म्हणाला, "बाबांच्या वेळी मी नव्हतो. त्यांनी हाक मारली असेल ना मला? तू कधी सांगितलंच नाहीस."

मी सांगितलं नव्हतं, हे खरं. तो विचारेल याची मला भीती वाटायची. तो अमेरिकेहून निघण्याआधीच्या दुपारची गोष्ट. दवाखान्यात ह्यांच्या तोंडून त्याचं नाव आलं होतं.

"मारली," मी म्हटलं. "दोनदा. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि थांबले. म्हणाले, तिकडे रात्र असेल, झोपू दे त्याला, उद्या प्रवास करायचाय."

पराग खाली बसला. तिथेच, गोचिडींत.

"तिसरा पुकारा झालाच नाही रे," मी म्हटलं. "तीन झाल्याशिवाय गैरहजर लिहिता येत नाही. मी लिहिलेलं नाही. कुणीच लिहिलेलं नाही."

बापाच्या वेळी न रडलेला माझा एवढा थोरला मुलगा अमेरिकेच्या एका साहेबाच्या कबरीपाशी ढसाढसा रडला. रेवानं विग काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. दुसरं काय द्यावं, ते तिला सुचलं नसावं.

परतताना गाडी मी म्हणाले म्हणून एकदा थांबली, कॉफीसाठी. फॉर्मचा विषय निघाला नाही. घर जवळ आल्यावर पराग एवढंच म्हणाला, "साहेबांचं सर्किट वर्षातून दोनदा असायचं."

"त्यांना घोडे होते. माझं एकदाच. आणि तिकीट तू काढायचंस."

पुढच्या महिन्यात ठरल्या दिवशी मी निघाले. आता हे अमळनेरच्या घरात बसून लिहिते आहे. रेवाच्या कार्यक्रमाची चित्रफीत आली. तिच्या बटणावर इतके पाय पडले की लाल कागद फाटला. माणसं साहेबांना बघायला येतात, असं मी मंगळवारी व्हरांड्यात बायकांना सांगितलं. त्यांना साहेबांचं काही पडलं नव्हतं, पण वाळूवर पळालेला विग त्यांनी दोनदा सांगायला लावला. अमेरिकेत जाऊन मी काय पाहिलं, असं लोक विचारतात. उंच इमारती पाहिल्या, धबधबाही पाहिला. पण आठवतो तो रानातला दगड आणि त्यापुढे बसलेला माझा मुलगा. जो मान नाकारायचा तो नाकारला, आणि जे द्यायचं राहून गेलं होतं ते तिथे देऊन आले.

काल रविवार होता. फोन वाजला तेव्हा माझे हात पिठात होते. एक घंटा झाली, दुसरी झाली. तिसरी पुरी होण्याआधी मी कोपरानं फोन उचलला आणि म्हटलं, "हजर."

पलीकडून आवाज आला, "मीही, आई."