इथं किती मास

आमच्या साडूंनी जन्माला आल्यापासून एकाही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही, आणि माझी तर खात्री आहे की त्यांनी सुईणीकडेही डोळे बारीक करूनच पाहिलं असणार. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. ते रोह्याचे, मी पेणचा, म्हणून ते मला नावाने हाक न मारता 'पेणकर' म्हणतात, आणि त्या हाकेतही पेणच्या माणसाबद्दल थोडा संशय असतोच. दूध आलं की ते वास घेतात, पेपर आला की आधी तारीख बघतात, डॉक्टरने गोळी दिली की ती त्याच डॉक्टरसमोर उजेडात धरतात. पेणला आले की पोह्याच्या पापडांचा वरचा पुडा कधी घेणार नाहीत. तळातला ओढून काढतील, आणि तो हातात आल्यावर वरचाच बरा होता की काय, असं वाटून पुन्हा सगळी चळत बघतील. परतीच्या गाडीत निडी आली की पिशव्या घेऊन दारात उभे. रोहा हे त्या गाडीचं शेवटचं स्टेशन आहे, तिथून पुढे ती जातच नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय. त्यावर ते म्हणतात, "आजवर थांबली, पेणकर. आजचं कोण सांगतो?" आणि रोहा येईपर्यंत दांडा सोडत नाहीत.

'यात कायतरी हाय' हे त्यांचं लाडकं वाक्य. पस्तीस वर्षं त्यांनी एका केमिकल कंपनीत बॉयलरवर शिफ्ट केली आणि काटा जागेवर असला तरी काचेवर टिचकी मारल्याशिवाय ते पुढे सरकले नाहीत. त्यांच्या शिफ्टला कधी काही झालं नाही, तेव्हा कंपनीला हा स्वभाव मानवला. घराला तेवढा मानवला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा शिकून नोकरीला जपानला गेली आणि तिसऱ्या वर्षी फोनवर म्हणाली, की केंजी नावाच्या मुलाशी लग्न करायचंय. साडूंनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडेच संशयाने पाहिलं. मुग्धाने वाद घातला नाही. बाबांनी यावं, केंजीच्या घरी आठ दिवस राहावं, माणसं बघावीत. ते नाही म्हणाले तर ती हे लग्न करणार नाही, पण मग दुसरंही कुठलं करणार नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला. पोरगी बापावर गेली होती, बोलली म्हणजे करणार. अक्कांचे गुडघे विमानाला राजी नव्हते. त्यांनी मला रोह्याला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जावा ह्यांच्यासोबत. नायतर नुसत्या संशयावर पोरीचा संसार मोडून येतील."

अशी आमची जोडी टोकियोपासून दोन तासांवरच्या एका गावात जाऊन पोचली. गाडी ठरल्या मिनिटाला सुटली आणि ठरल्या मिनिटाला पोचली, त्यामुळे साडूंचा संशय वाटेतच दुप्पट झाला होता. घरात माणसं दोनच, केंजी आणि त्याची आई. मुग्धा रजा काढून आमच्या सोबतीला आली होती. केंजी दारात कमरेत वाकला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "या, बसा." मी विरघळलो. साडू माझ्या कानात म्हणाले, "मराठी येतं ह्याला. आता जपून बोला." पुढे त्यांनी पेणचे पापड आणि मिरगुंडं दिली. केंजीच्या आईने पुडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत नेला आणि न उघडताच आत ठेवून दिला. देणाऱ्यासमोर भेट उघडणं तिथे बरं दिसत नाही, असं मुग्धाने समजावलं, पण साडूंना ते पटलं नाही. तळातून ओढून काढलेला पुडा होता तो, वरचाच बरा होता की काय ही शंका अजून होतीच, आणि त्यांच्या मते बाईंना तीही कळली होती.

त्या घरात घालायच्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या आणि चटईच्या खोलीत कुठल्याच नाहीत. साडू पहिल्याच संध्याकाळी संडासातल्या सपाता घालून थेट चटईवर चहाला येऊन बसले. केंजीच्या आईने नजर वर छताला लावली आणि चहा पुढे केला. मग आंघोळ. बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसायचं, आणि त्याच पाण्यात घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचं, अशी तिथली रीत. पहिला मान पाहुण्याचा. साडूंनी दार लावण्यापूर्वी मला बाजूला घेतलं. "पहिला मीच का? पाण्यात कायतरी हाय." तरीही ते अर्धा तास आत होते, आणि लालबुंद होऊन बाहेर आले ते जरा खूष दिसले. खूष अशासाठी, की आपण वापरलेलं पाणी दुसऱ्यासाठी ठेवणं हा अडाणीपणा, म्हणून त्यांनी बूच काढून सगळी टाकी रिकामी केली होती आणि वर घासूनही ठेवली होती. त्या दिवशी बाकी कोणाचीच आंघोळ झाली नाही. केंजीची आई तीन वेळा वाकली, आणि साडूंना वाटलं आभार मानतायत.

पण खरं बिनसलं ते बुटांवरून. दारात आम्ही बूट काढून आत जायचो, साहजिकच त्यांची तोंडं घराकडे. थोड्या वेळाने बघावं तर बुटांची तोंडं रस्त्याकडे, अगदी जोडीने, शिस्तीत. साडू ते पुन्हा आत वळवून ठेवायचे आणि दाराआडून लक्ष ठेवायचे. केंजीची आई यायची, गुडघ्यावर बसायची आणि हळूच फिरवून जायची. "कळलं का पेणकर," साडू म्हणाले, "चालते व्हा म्हणतायत. तोंडानं नाय बोलत, बुटांनी बोलतायत." मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. ज्या घरात बापाचे बूट दुसऱ्या दिवशीच बाहेर वळवतात तिथे लेक कशी द्यायची, असा त्यांचा प्रश्न होता.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हलवून उठवलं. त्यांची बॅग भरलेली होती. चार दिवस ते पहाटे उठून आतून कान लावत होते, आणि आता पुरावा हाती आला होता. केंजी कामाला निघताना दारातल्या पायरीवर बसून बूट घालतो आणि आईला एकच गोष्ट विचारतो, "इथं किती मास?" म्हणजे हे पाहुणे इथं किती महिने राहणार? आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि उत्तर देते, "इथं राश्शाय." म्हणजे इथंच राहणार हाय! मी म्हटलं, जपानी माणसं एकमेकांत मराठी कशाला बोलतील? तर त्यांचं उत्तर तयार होतं, "आपल्याला कळावं म्हणून."

केंजी गेलेला होता, त्याची आई अजून दारातच उभी होती. साडू बॅग घेऊन तिथे पोचले आणि त्यांनी मुग्धाला हाक मारली. "काय गो मुग्धा, आम्ही तुझ्या सासरी किती मास राहायचं ते हा रोज आईला का विचारतो?" मुग्धाला काहीच कळेना. तिने ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, आणि मग ती मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"बाबा, ते जपानी आहे. इत्तेकिमास. म्हणजे जाऊन येतो. इथे घरातून निघताना कोणी नुसतं जातो म्हणत नाही. आणि आई म्हणतात इत्तेराश्शाई. जाऊन या."

साडूंनी बॅग खाली ठेवली. पस्तीस वर्षं ते त्या बॉयलरवर गेले, आणि प्रत्येक शिफ्टला उंबऱ्यात "येतो" म्हणाले. अक्का "या" म्हणायच्या आणि ते वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत दारात थांबायच्या. एकदा घाईत ते "जातो" म्हणाले तर अक्कांनी भर पावसात त्यांना परत बोलावून पाटावर बसवलं होतं. जगातल्या एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांनी कधी संशय घेतलेला नव्हता.

"आणि ते बूट?" त्यांनी विचारलं, पण आवाज खाली आला होता.

"पाहुण्याला निघताना त्रास नको म्हणून वळवून ठेवतात."

केंजीच्या आईला एक शब्द कळत नव्हता, ती बिचारी कधी बॅगेकडे, कधी मुग्धाकडे बघत होती. इतके दिवस साडू तिला 'त्या बाई' म्हणत होते. आता घसा साफ करून ते म्हणाले, "मुग्धा, विहीणबाईंना विचार, तू निघशील तेव्हा तुला पण असंच म्हणतील ना?"

मुग्धाला ते जपानीत सांगता येईना, तिने बाबांची बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. मला चष्मा पुसावा लागला.

लग्न होऊन आता दोन वर्षं झाली. साडू तसेच आहेत, परवाच त्यांनी माझ्यासमोर नव्या कुकरची शिट्टी खरी की खोटी ते तपासलं. मात्र रोह्याच्या त्या घरातून निघताना माझ्या चपला रस्त्याकडे तोंड करून जोडीने ठेवलेल्या असतात. गुडघे धरत ते स्वतः वळवून ठेवतात. शेजारी मुग्धाच्या जुन्या चपला असतात, तिने कॉलेजात वापरलेल्या. त्या दिवशी बघतो तर त्या तेवढ्या घराकडे तोंड करून होत्या. मला वाटलं राहून गेलं असेल, म्हणून मी वाकलो.

"राहू द्या पेणकर," ते म्हणाले. "तशाच बऱ्या. ती आत्ता आत गेल्यागत दिसतं."

मी चपला घातल्या आणि म्हणालो, "येतो." ते मुग्धाच्या चपलांकडे बघत होते. मग भानावर आल्यासारखे "या" म्हणाले, आणि मी वळणापर्यंत पोचेपर्यंत दारात उभे राहिले.