तक्त्यात नसलेला वेळ

तालुक्यातल्या एका दूध संघाच्या बैठकीला मी गेले, ती एका माणसाची नोकरी वाचवायला. संघाच्या संगणकांची देखरेख मी बाहेरून करत असे. संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळणारा तिथला सहकारी शिनोलीचा होता. रोज सकाळी गावोगावी दूध मोजताना पडदे गोठत, राजुरीला किटल्यांची रांग रस्त्यावर येई आणि शिव्या त्याला बसत.

संचालकांपुढे एक तक्ता होता. गावोगावचे पडदे संघाच्या ज्या मशीनला जोडलेले होते, त्याच्या प्रोसेसरचा वापर त्यात जेमतेम दिसत होता. उरलेला वेळ मशीन रिकामं बसलंय, असं सर्वांनी गृहीत धरलं होतं. मशीन रिकामं आणि तरी काम अडलेलं. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा, म्हणजे त्याचा.

त्या तक्त्याचा नमुना संघाचं स्वतःचं मशीन होतं तेव्हाचा. आता आम्ही भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर होतो. एका मोठ्या यंत्रावर अनेक भाडेकरू, आणि प्रोसेसर सर्वांना पाळीपाळीनं. आपलं मशीन कामाला तयार असताना प्रोसेसर दुसऱ्याकडे गुंतलेला असेल, तर तो वेळ ‘स्टील’, म्हणजे चोरलेला वेळ, म्हणून वेगळा मोजला जातो. जुन्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. मी तो वेळ वेगळा काढून दाखवला. संकलनाचा बहुतेक वेळ तिथेच गेला होता. एवढा पुरावा पुरेल याची मला खात्री होती.

“म्हणजे कालव्याच्या चारीचं आपलं दार उघडं, पण पाणी वरच्यांनी घेतलं,” अध्यक्ष म्हणाले.

“अगदी तसंच.”

“मग ताई, पाणी आलं नाय तर खालचा माणूस बोंब मारतो. ह्यानं का नाय मारली?”

सहकारी भिंतीपाशी उभा होता. “मारली की, साहेब. तुमी म्हणला, गडी लई कारणं सांगतोय.”

दोघंतिघं हसले. निर्णय आधीच झाला होता, त्याला काढलं.

त्याच आठवड्यात माझ्या तक्रारीवरून पुरवठादाराने आमचं मशीन कमी गर्दीच्या यंत्रावर हलवलं. चोरलेला वेळ जवळजवळ संपला. अध्यक्षांचा फोन आला.

“बघा ताई, गडी बदलला अन् मशीन पळाया लागलं!”

मी खरं कारण सांगितलं, नवा तक्ता पाठवला.

“आता कशाला उकरून काढताय?” ते म्हणाले.

पुढे तो सहकारी दुसऱ्या एका डेअरीत मुलाखतीला गेला. तिथल्यांनी संघात चौकशी केली. त्यांना मिळालेल्या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता: तो होता तोवर मशीन अडायचं, तो गेल्यापासून अडलेलं नाही.