उंदरांची बाळंतपणं करणारी सारिका

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीत सारिकाला सगळे थट्टेनं उंदरांची सुईण म्हणत. तीही ऐकून घेणारी नव्हती. "हा तर! आणि माझ्या बाळंतिणी तुमच्यासारख्या कुरकुर नाय करत," म्हणायची.

काम तिचं खरंच तसलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत नवीन रसायनं तपासतात. भातावर फवारायचं औषध बाजारात यायच्या आधी सरकारला दाखवावं लागतं, की पोटातल्या जिवाच्या मेंदूला त्यानं इजा होत नाही. ते बघायचं उंदरांवर. गाभण माद्यांना तेलात कालवलेलं औषध रोज नळीनं पाजायचं, मग पिल्लं तपासायची. उताणं ठेवलेलं पिल्लू लवकर पालथं होतं का, आवाजाला दचकतं का, मोठं झाल्यावर पाण्यातून वाट शोधतं का. कुठल्या पिंजऱ्यात औषध आणि कुठल्यात नुसतं तेल, हे सारिकाला मुद्दामच सांगत नसत. पण मंद पिल्लू हातात आलं की तिला त्या दिवशी घास गोड लागत नसे.

शेजारच्या सुंदराबाईची सून अंकिता, तिला तिथं चिकटवलं तेही सारिकानंच. पोरगी हुशार, हात हलका. औषधाची पूड मोजून तेलात कालवायचं काम तिला मिळालं. दोघी कंपनीच्या बसनं जायच्या-यायच्या.

एकदा बसमध्ये अंकितानं डिझेलच्या वासानं तोंडाला ओढणी लावली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधली आमटी बाजूला सारली. सारिकानं तिला बाजूला घेतलं.

"दिवस गेलेत काय गो तुला?"

अंकिता रडायलाच लागली. "काकी, पाया पडते, बोलू नको कुठं. मागच्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटले नि गेलं ते. सासूबाईंनी देवापुढं शपथ घातलीय. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाय."

आता बोला! प्रयोगशाळेचा नियम नेमका उलटा. नुसती शंका आली तरी त्याच दिवशी सांगायचं आणि त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

सारिका गप्प बसली. दृष्ट लागायची भीती तिला तरी कुठं नव्हती? तिचंही एक असंच गेलं होतं. मास्क आहे, हातमोजे आहेत, एवढ्यानं काय होतंय, असं ती स्वतःलाच समजावत राहिली. मग एका सकाळी तिच्यापुढचं पिल्लू उताणं पडून पाय झाडत होतं, काही केल्या त्याला वळता येईना, आणि समोर काचेपलीकडे अंकिता पूड मोजत होती. सारिकानं पिल्लू आईजवळ ठेवलं, तशीच प्रयोग चालवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या नाहीत. अंकिताला लगेच ऑफिसात बसवलं, डॉक्टरकडे पाठवलं.

"या औषधानं काय होतं का हो, मॅडम?" सारिकानं विचारलं.

"तेच तर शोधतोय आपण, सारिकाताई. रिपोर्ट यायला अजून वर्ष तरी जाईल."

म्हणजे पोर आधी येणार आणि उत्तर मागून. सारिका पुन्हा पिंजऱ्यांकडे गेली.

वाडीत बातमी फुटायला कितीसा वेळ! सुंदराबाई दारात येऊन कडाडली, "माझ्या सुनेचं वाईट झालं तर सोडणार नाय तुला. तोंड बघायची नाय तुझं!" आणि तिनं ते खरं केलं. नळावर पाठ फिरवायची. मुलगी झाली, बारशाला सगळी वाडी जेवली, सारिकाला बोलावणं नाही. फार लागलं ते तिला. पलीकडून पाळण्याची गाणी ऐकू येत होती आणि ही तांदूळ निवडत बसली.

मुलगी चार महिन्यांची झाली. रिपोर्ट आला नव्हता. सुट्टीच्या दिवशी सारिका अंगण सारवत होती, तर सुंदराबाई नातीला घेऊन पुढ्यात उभी. मागं अंकिता, मान खाली घालून.

"सारिका, तू उंदरांची पोरं बघतेस. आमचं पण बघ." म्हातारीनं नातीला पुढं केलं. "हाक मारली तर कधी वळते, कधी नाय. मीच गप बसवलं होतं ना सुनेला."

सारिकानं हात धुतले, ओटीवर चटई टाकली आणि मुलीला उताणं ठेवलं. डाव्या अंगाला ताटली वाजवली. मुलीनं मान वळवली. उजव्या अंगाला वाजवली. वळवली, जरा उशिरा. मग धडपडत कुशीवर झाली.

"म्हंजे बरी हाय ना?" सुंदराबाईनं हात जोडले.

सारिकाला हो म्हणायचं होतं. अगदी जिवापासून म्हणायचं होतं. पण लहानपणी चांगली असलेली पिल्लं मोठेपणी पाण्यात वाट चुकताना तिनं पाहिली होती.

"आज बरी हाय, वहिनी. पुढचं मला नाय सांगता यायचं. मॅडमला पण नाय."

सुंदराबाई चटईच्या कडेला बसली. मग म्हातारीनं नातीला उचललं आणि सारिकाच्या मांडीवर ठेवलं.

"मग रोज बघ," ती म्हणाली. "रोज आणीन मी."