विश्रांतीचे सहा महिने

टर्नरअण्णा छापील कागद नेहमी दोन्ही हातांनी घेत. मग ती लग्नपत्रिका असो, औषधाच्या बाटलीतली घडी असो, की भेळ बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा. आधी चिंधीने बोटं पुसत. नखांतलं काळं तेल निघत नाही हे ठाऊक असूनही पुन्हा एकदा पुसत, आणि मगच कागदाला हात लावत. मराठी असेल तर स्वतः वाचत. इंग्रजी निघालं की जिन्याखालून हाक येई, "मास्तर, हायसा का?"

मी मास्तर नव्हतो. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि अण्णांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी शिकवत नाही, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. ते म्हणाले, "घरात माणसापरास पुस्तकं जास्त हायत. मग मास्तर न्हाईतर काय पैलवान म्हणू?" माझ्या देहयष्टीकडे पाहून वहिनी, अण्णांच्या पत्नी, आत जाऊन हसल्या.

अण्णा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम करत. मूळचे नेसरीकडचे. मूलबाळ नव्हतं. शनिवारी अर्धा दिवस काम झालं की मालकांच्या परवानगीने लेथ त्यांच्या ताब्यात असे. एकदा मालकांनी परदेशातून आणलेली रेडिओवर चालणारी खेळातली मोटार दुरुस्तीला दिली. अण्णांनी ती उघडली, पाहिली, मिटवली, चालवून दाखवली आणि घरी येऊन म्हणाले, "पलास्टिक हाय नुसतं. मी लोखंडाची करतो. माळावरनं पळंल अशी."

पुढची दोन वर्षं ते ट्रक बांधत होते. शिरोळच्या मेहुण्याकडे उसावर औषध फवारायचा पंप मोडून पडला होता, त्याचं इंजिन आणलं. क्लच स्वतः कातला. शॉकअब्सॉर्बरच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या गजातून काढल्या, स्प्रिंगा लेथवरच गुंडाळल्या, आत शिवणयंत्राचं तेल भरलं. ढकलगाडीच्या रबरी चाकांवर तापल्या पात्याने एकेक खाच पाडली. पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा. असा हातभर लांबीचा ट्रक तयार झाला. तो उचलताना मला दम लागे.

रेडिओ मात्र लेथवर होत नाही. तो त्यांनी पुण्याहून जुना मिळवला. त्याच्याबरोबर चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका होती. ती घेऊन ते वर आले, सतरंजीवर मांडी घातली आणि म्हणाले, "शब्दाला शब्द सांगा. गाळू नका, पदरचं घालू नका. त्यानं छापलंय म्हंजे कायतरी कारण असंलच."

आठ संध्याकाळी आम्ही ती पुस्तिका वाचली. सेल गिळू नयेत, हेही मी वाचलं. त्यांनी मान डोलावली. सातव्या संध्याकाळी मी कंटाळलो होतो. आधी हातातला संच सुरू करावा, मग गाडीतला, असं एक वाक्य होतं. मी घाईत उलटं सांगितलं. रविवारी सकाळी अण्णांनी अंगणात इंजिन चालू करून तसंच केलं. ट्रक चवताळला, वहिनींनी वाळत घातलेल्या कुरडयांमधून आरपार गेला आणि भिंतीवर आदळला. पुढचं चाक धरणारा आर्म तुटला.

"मास्तर आणि मिस्त्री," वहिनी म्हणाल्या, "दोघांनी मिळून माझ्या कुरडयांचं पीठ केलं. आता त्याच्या परत कुरडया घालून द्या."

मी पुस्तिका उघडून पाहिली आणि चूक कबूल केली. अण्णा तुटलेला आर्म न्याहाळत होते. ते म्हणाले, "तुमी सांगितलं तसं केलं. हुतंय की एकांद्या टायमाला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला त्या दिवशी एक गोष्ट कळायला हवी होती: मी जे सांगेन, ते हा माणूस तंतोतंत करील.

शहराबाहेरच्या माळावर काही हौशी मंडळींनी अशा गाड्यांची शर्यत भरवली तेव्हा अण्णा ट्रक पोत्यात गुंडाळून रिक्षाने घेऊन गेले. सोबत मी. पुण्याहून आलेल्यांच्या गाड्या फोम लावलेल्या पेट्यांमधून निघत होत्या. त्यांतल्या एका गॉगलवाल्याने आमचं पोतं उघडताना पाहिलं.

"काका, हा ट्रॅक्टर आहे का?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "नांगर घरी ठिवलाय. तुमाला लागला तर सांगा."

दहा फेऱ्यांची शर्यत होती. उड्या मारायच्या ढिगाऱ्यांवर पुण्याच्या हलक्या गाड्या वाऱ्यावर तिरक्या होत, आमचा ट्रक म्हशीसारखा सरळ खाली येई आणि चालू लागे. सहाव्या फेरीपर्यंत तो तिसरा होता. सातव्या फेरीत वळणावर तो उलटा झाला. उलटलेली गाडी सरळ करायला माणसं नेमलेली होती, पण अण्णांना कुठला धीर! रेडिओ माझ्या हातात कोंबून ते स्वतःच धावले. मी तो संच इतका घट्ट धरला की बोट वेगाच्या घोड्यावर दाबलं गेलं. ट्रक सरळ झाला तो भरधाव सुटला आणि अण्णा त्याच्यामागे धोतर सावरत पळू लागले. "मास्तर! बोट सोडा की वं! बोट!" सगळा माळ हसत होता.

आम्ही पाचवे आलो. शर्यतीनंतर तो गॉगलवाला आला, ट्रकपाशी उकिडवा बसला आणि गॉगल काढून शॉकअब्सॉर्बर पाहू लागला. "हे कुठून मागवले?" त्याने विचारलं. अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. "हितनं."

परतताना रिक्षात ते म्हणाले, "मागच्या दोन चाकांवर भागत न्हाय. चारी चाकं ओढणारी गाडी बांधतो. फुडच्या वर्साला बगू त्यास्नी." त्या शनिवारपासून नव्या ट्रकचं काम सुरू झालं. इतका सुखी माणूस मी फार पाहिलेला नाही.

तीनएक महिन्यांनी त्यांच्या उजव्या अंगठ्यातला जोर कमी झाला. स्क्रू हातातून पडू लागले. चहाचा कप बशीवर वाजू लागला. इथल्या डॉक्टरांनी मिरजेला तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या. नसेचा आजार आहे, गोळ्या लिहून दिल्या आहेत, बाकी पत्रात आहे, एवढं सांगून त्यांनी इथल्या डॉक्टरांच्या नावे एक पत्र दिलं. पाकीट बंद नव्हतं. अण्णा ते घेऊन थेट वर आले. बोटं पुसून आले होते.

पत्र एका पानाचं होतं. मी ते एकदा वाचलं आणि पुन्हा वरपासून वाचू लागलो, म्हणजे मान वर करावी लागणार नाही. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, मग गिळणं आणि श्वास. आजार वाढत जाणारा आहे. बरा करणारा उपचार नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सध्या दोन्ही हात कामापुरते चालत आहेत आणि जोवर चालतील तोवर रुग्णाने आपलं काम करत राहावं.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "भावजी, काय म्हणतोय डॉक्टर?"

"नस दबली आहे," मी म्हणालो. "हातांना विश्रांती द्यायला सांगितली आहे."

"विश्रांती असं छापलंय?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"किती?"

आकडा दिल्याशिवाय ते खरं वाटणार नाही, असं मला वाटलं. "सहा महिने."

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. शर्यतीला साडेआठ महिने होते. "म्हंजे अडीच ऱ्हात्यात. दीड महिन्याचं काम हाय. बसतंय की."

ते खाली गेले. इथल्या डॉक्टरांना भेटून हे सांगण्याचं काम त्यांच्यावर सोपवावं, असं मी ठरवलं होतं. मी गेलोही. डॉक्टर महिनाभर परगावी होते. ते परत आल्यावर मी गेलो नाही. पत्र अण्णांनी घरीच जपून ठेवलं; मी वाचून सांगितलं म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटत होतं.

अण्णांनी कारखान्यातून रजा घेतली. अर्धा बांधलेला ट्रक, पुढच्या चाकांचा डिफरन्शियल, कातून ठेवलेले दातेरी गिअर, सगळं तेलाच्या कापडात बांधून कॉटखाली सरकवलं. विश्रांती म्हणजे विश्रांती. ते कडी लावत नसत, पिशवी उचलत नसत. जेवणही वहिनी कालवून देत आणि ते चमच्याने खात. दिवसभर कट्ट्यावर दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसत. कुणी विचारलं तर म्हणत, "हातास्नी सुट्टी हाय." कारखान्यातले सोबती येऊन म्हणाले, "अण्णा, नुसतं लेथ बघून तरी जावा." त्यांनी मान हलवली. "बघितला की हात वळवळत्यात."

मी रोज त्या कट्ट्यावरून कामाला जात होतो. शर्यतीचा अर्जही त्यांच्या सांगण्यावरून मीच भरला आणि पोस्टात टाकला. चौथ्या महिन्यात एकदा त्यांनी मला थांबवलं. "मास्तर, जास्त विश्रांतीनं बिघडत न्हाय न्हवं? डावा बी ढिला पडल्यागत वाटतोय."

तेव्हाही वेळ होती. थोडी होती, पण होती. मी म्हणालो, "नाही बिघडत." आणि छत्री विसरल्याचं निमित्त करून पुन्हा वर गेलो.

सहा महिने पुरे झाले त्या आठवड्यात ते वहिनींना घेऊन मिरजेला गेले, हात दाखवायला. दुपारी उन्हाचे परतले. हाक आली नाही. वहिनी वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भावजी, खाली बोलावलंय." त्यांचे डोळे सुजलेले होते.

अण्णा कॉटवर बसले होते. हात मांडीवर. आता ते ठेवलेले नव्हते, पडलेले होते.

"डॉक्टर म्हणला, विश्रांती कुणी सांगितली तुमास्नी?" अण्णा म्हणाले. बोलणं किंचित जड झालं होतं. "मी म्हटलं, माझी मीच घेतली."

मी दाराशीच खाली बसलो.

"कशापायी, मास्तर?"

"मला सांगवलं नाही, अण्णा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तवा हात चालत हुतं, मास्तर," ते म्हणाले. "दीड महिन्याचंच काम हुतं."

मग त्यांनी वहिनींना ते जुनं पत्र आणायला सांगितलं. "वाचा," म्हणाले. मी वाचलं. शब्दाला शब्द, एकेक वाक्य, आधी इंग्रजी, मग मराठी. कुठला शब्द कळला नाही तर ते थांबवत, अर्थ विचारत, आणि म्हणत, "हं. फुडं." शेवटच्या ओळीपाशी मी कागदाची घडी घालू लागलो. अण्णा म्हणाले, "फुडं, मास्तर." मी ती ओळ वाचली. काम करत राहावं. अण्णांनी डोळे मिटले. वहिनी पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

त्यानंतर ते वर्षभर जगले. माझ्याशी बोलणं त्यांनी टाकलं नाही. उलट मीच खाली जाताना पायांचा आवाज होऊ नये म्हणून जपू लागलो. कारखान्यातल्या सोबत्यांनी ट्रक पुरा करून देतो म्हटलं. "मग ती तुमची गाडी हुईल," अण्णा म्हणाले, आणि कापडाची गाठ कुणाला सोडू दिली नाही. मी पुढच्या पावसाळ्याआधी ती जागा सोडली. वहिनी आता नेसरीला असतात. इतक्या वर्षांत मी त्यांना दोन पत्रं लिहिली, दोन्ही पाठवली नाहीत.

पत्र वाचल्यावर अडीच महिन्यांनी शर्यत आली, त्या दिवशी मात्र अण्णांनी मला बरोबर बोलावलं. रिक्षातून उतरवून आम्ही त्यांना माळावर खुर्चीत बसवलं. वहिनींनी त्यांच्या हातांवर शाल घातली. गॉगलवाला भेटायला आला, काही विचारणार होता, शाल पाहून नुसता नमस्कार करून गेला. सावलीत एक माणूस यादी घेऊन नावं पुकारत होता. मी भरलेल्या अर्जावरून अण्णांचं नाव त्या यादीत छापलेलं होतं, बावीस क्रमांकावर. ते काढायला सांगायचं आम्हा कुणाला सुचलं नव्हतं.

त्याने नाव पुकारलं. मी खाली पाहिलं. त्याने पुन्हा पुकारलं आणि गर्दीवरून नजर फिरवत म्हणाला, "आहेत का? की गैरहजर लिहू?"

अण्णांनी खुर्चीत मान ताठ केली. जड जिभेने, पण माळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हाय. गाडी न्हाय."