प्रभाताईंनी मुलाला जेवायला बोलावलं

प्रभाताई कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात स्वागतकक्षात नोकरीला होत्या. खोली मिळावी म्हणून लोक धडधाकट मावशीला दवाखान्यात टाकतात, जिवंत मामाला मारतात, हे त्यांनी निवृत्तीपर्यंत रोज पाहिलं. समोरचा तोंड उघडायच्या आत थाप कळायची. पोटच्या पोराची मात्र कळली नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

मुलगा निहार गुरुग्रामला राहायचा, घटस्फोटित. त्याची लेक कृतिका तिच्या आईकडे, नोएडाला. तिच्यासाठी निहारनं दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, असा दिल्लीच्या कोर्टाचा हुकूम होता. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, मग रडतखडत, मग थांबलेच. त्याची आधीची बायको मीनाक्षी वसुलीसाठी कोर्टात गेली. पण नोटीस काही पोचेना. टॉवरच्या गेटवरचा गार्ड दर वेळी सांगायचा, "साहब बाहर गए हैं."

एका रविवारी कृतिकाला आजीकडे सोडायला मीनाक्षी मयूर विहारला आली.

"आई, तो सापडतच नाही हो." तिनं नवरा सोडला होता, सासूला आई म्हणणं नाही.

"सापडत नाही? कालच इथं बसून श्रीखंड हाणून गेलाय! दर शनिवारी येतो. मला म्हणतो, मीनाक्षीला सगळं वेळेवर पोचतं."

मीनाक्षीनं नकारार्थी मान हलवली. प्रभाताईंनी आतल्या खोलीत उड्या मारणाऱ्या नातीकडे पाहिलं. तिचा बूट अंगठ्यापाशी फाटला होता.

"तुझ्या वकिलाला माझा पत्ता दे," त्या म्हणाल्या. "नोटीस घेऊन कोर्टाच्या बेलिफाला शनिवारी दुपारी इथंच पाठव."

"आई, मुलगा आहे तो तुमचा."

"म्हणूनच माहितीये ना, त्याला भूक कधी लागते ते."

शनिवारी बेलिफ निहारच्या आधीच हजर झाला. प्रभाताईंनी त्याला आतल्या खोलीत बसवून त्याच्यापुढेही ताट ठेवलं.

"माताजी, ड्यूटी पे हूँ."

"तो क्या भूखे पेट करोगे? खाओ चुपचाप."

निहार आला, हात धुऊन बसला. अळूची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत असताना आतून एक अनोळखी गृहस्थ ढेकर देत बाहेर आले, त्यांनी हात पुसले आणि कागद पुढे केला. "निहार जी? यहाँ साइन कर दीजिए."

निहार आईकडे बघतच राहिला. "तू मला पकडून दिलंस?"

"मी जेवायला बोलावलं. पकडलं त्यांनी."

मग मात्र तो फुटला. आधीची कंपनी बुडाली होती, नवीन नोकरीत पगार जेमतेम अर्धा होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग कोर्टात जाऊन सांग ना, गाढवा! परिस्थिती बदलली तर रक्कमही बदलून मिळते. गार्डच्या मागे लपून मिळते का?"

"मीनाक्षीसमोर कुठल्या तोंडानं सांगू?"

"तुझ्या तोंडाची लाज राखायला पोरीनं फाटके बूट घालायचे?"

तो ताट तसंच टाकून निघून गेला. बेलिफ गेल्यावर प्रभाताई त्या ताटासमोर बसून पोटभर रडल्या. आपण केलं ते बरोबर केलं, याची त्यांना खात्री होती. पण त्या खात्रीनं रडू थांबेना.

निहारनं शेवटी वकील गाठून रक्कम कमी करण्याचा अर्ज केला. जज बाईंनी पगाराचे कागद पाहिले, मग त्यानं घेतलेल्या नव्या गाडीचं विचारलं.

"मॅडम, गाडी तो लोन पर है."

"और बेटी?"

 पुढची रक्कम थोडी कमी झाली, त्यानं मागितली होती तेवढी नाही. थकलेल्यातला एक पैसाही माफ झाला नाही. ती थकबाकी हप्त्यांनी त्याच्या पगारातूनच कापली जाईल, असा हुकूम कंपनीकडे गेला. मीनाक्षीनं हुश्श केलं. मनासारखा निकाल कुणालाच मिळाला नव्हता.

शनिवारी यायचं निहारनं बंद केलं. प्रभाताईंनीही फोन केला नाही. हट्टाच्या बाबतीत पोरगा आईवरच गेला होता. दिवाळीच्या आधी एका दुपारी तो अचानक दारात उभा राहिला. आत यायच्या आधी त्यानं मान लांब करून घरभर नजर फिरवली.

"आत कोण आहे?"

"कृतिका. ये."

कृतिकानं मोबाइलमधून डोकं वर केलं. "पापा, आजी ने आपको सच में पकड़वाया था?"

"हो," निहार म्हणाला.

"अच्छा," असं म्हणून तिनं सोफ्यावर त्याच्यासाठी जागा केली, आणि प्रभाताई पोळ्या लाटायला आत गेल्या.