आत्येच्या बांधावरचा धडा

खाडीच्या बांधावरून आत्येच्या पुढे चालत मी तिला ‘बांध’ या शब्दाचं मूळ समजावत होतो. संस्कृतातला बन्ध, त्यावरून बांधणं, बंधारा, सगळं एकाच घरातलं. मी बोईसरला मराठी शिकवतो. विचारलं नाही तरी सांगायची खोड जात नाही.

"पाण्याला बांधून ठेवतो, म्हणून बांध," मी म्हणालो.

"पानी कदी कुनाला बांधता आलाय? आमी नुसता अडवून धरतो," ती म्हणाली. "तू खाली बघून चाल."

बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला तिचं पोटरीला आलेलं भात. त्यात खारं पाणी शिरलं तर यंदाचं पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन धड पिकत नाही. अमावास्येची मोठी भरती इथे भर दुपारी येते. तेव्हा प्रत्येक घरातलं एक माणूस आपापल्या शेतालगतच्या बांधावर खेकड्यांची बिळं शोधत फिरतं. आतोबा गेल्यापासून आत्येच्या घरचं माणूस म्हणजे ती एकटीच. त्या दिवशी सोबतीला मी होतो.

ती पुढे निघून गेली आणि मला बीळ सापडलं. शेताच्या बाजूने बारीक धार लागली होती. मी चिखलाचा गोळा कोंबला, टाचेने दाबला. धार थांबली. केवढा खूश झालो मी! "आत्ये, बुजवलं गं!"

"कुटल्या अंगाने?"

"शेताच्या."

ती धावतच आली. "मेल्या, खाडीच्या अंगाने बुजवतात! आता पानी बांधाच्या पोटात साठंल!"

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझ्या पायाखालची माती फुगली आणि ढासळली. पाणी भसाभसा भातात शिरू लागलं. आत्ये खाडीच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि भगदाडाला पाठ लावून उभी राहिली. "माती दे! बघतो काय!" मी घमेल्यामागून घमेली ओतत राहिलो. हे माझ्यामुळे झालंय, एवढंच डोक्यात होतं.

ओहोटी लागली तेव्हा कुठे बांध ठरला. आत्ये भातात उतरली, तिथल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मी श्वास रोखून बघत होतो.

"गोडा हाय," ती म्हणाली. "पावसाचाच पानी हाय. चल, जेवून घे."

ती घमेलं धुवायला वळल्यावर मीही बोट बुडवून चाखलं. पाणी खारट होतं.