पलंगाखालचं माप

माह्या भावाले, हरिदासले, आता कोणी पंगतीले बोलवत नाही. बोलावून फायदा काय? बसते, पत्रावळीवरचा भात इकडचा तिकडे करते, वरणाचे दोन भुरके मारते अन् उठते. माह्या पोरीच्या लग्नात विहाराच्या अंगणात पंगत बसली होती. नवरदेवाचा बाप स्वतः समोर उभा राहून वाढून राहिला, तरी या बाबानं वांग्याच्या भाजीले हात लावला नाही. विहीणबाईनं मले कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुमच्या भावाले काही बिमारी आहे का?" मी म्हटलं, "बिमारी नाही बाई, नोकरी आहे." तिले वाटलं मी थट्टा करून राहिली.

आम्ही रायपूरच्या गुढियारीचे. बाप मालधक्क्यावर हमाल होता. तिथंच आम्ही बहीणभाऊ वाढलो, अन् आजही माहं घर अन् हरिदासचं घर यांच्यात एकच भिंत आहे. त्याच्या घरी भांडं पडलं तं मी दचकते. म्हणून सांगते, ऐकीव नाही, डोळ्यानं पाहालेलं आहे.

जवानीतच तो एसीच्या ठेक्यात लागला. आपल्या पाऱ्या-मोहल्ल्यात खिडकीले कूलर लावतात, ते काम नाही. बंगल्याईचं काम. एक मोठी मशीन असते, अन् तिची गार हवा साऱ्या खोल्याईत नेणारा पत्र्याचा चौकोनी बोगदा असते. त्याले डक्ट म्हणतात. तो दिसू नये म्हणून खालून पीओपीचं पांढरंशुभ्र नकली छत बांधतात. वरचं खरं छत अन् खालचं नकली छत, यांच्या मधात जागा केवढी? वीतभर अन् वर चार बोटं. डक्टचा जोड सुटला, हवा गळायले लागली, की तेवढ्या जागेत कोणीतरी घुसायले पाहिजे. छत फोडायचं म्हटलं की मालकाच्या जिवावर येई. त्याचं छत शाबूत राहावं म्हणून माहा भाऊ घुसे.

लोखंडी पट्ट्यांवर फळी टाकायची, पालथं पडायचं, टॉर्च दातात धरायची अन् सरकत जायचं. डक्टले गुंडाळलेली काचेची लोकर अंगात भरे. कांता, त्याची बायको, त्याचे कपडे वेगळे धुवे, तरी तिचे हात खाजून खाजून लाल होत. ठेकेदार होता यज्ञेश्वर. तो चार लोकांत म्हणे, "हरिदास को बुलाओ, चूहे जैसा निकल जाता है." हे आमचे राजे घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगत. मी भडकली. म्हटलं, "तुले उंदीर म्हटलं अन् तू दात काढून राहिला?"

"ताई," तो म्हणे, "दुसऱ्या कोणाले म्हणत नाही ना तो!"

आता याले काय म्हणावं!

अन् उंदीर राहायचं तं खाऊन कसं चालन? कांताच्या माहेरून आलेला लोखंडी पलंग होता. त्याच्या खालची जागा बरोब्बर त्या छतातल्या जागेएवढी, असं त्यानं कधीतरी हाताची वीत लावून ठरवलं. झालं! रोज सकाळी उठला की पलंगाखाली पालथा पडे, या बाजूनं घुसे, त्या बाजूनं निघे. पाठ पट्टीले लागली नाही तं खूश. लागली, की त्या दिवशी अर्धी भाकर बंद. शेजारचे पोट्टे दारातून ओरडत, "काका, पूजा हो गई?" हा हासे. कांता हासत नसे.

कांताच्या हाताले काय चव होती म्हणून सांगू! पाटोडीचा रस्सा करे तं माह्या घरापर्यंत वास येई. अन् नवरा त्यातली एक पाटोडी खाऊन बोटं झटके. उरलेलं भांडं भिंतीपलीकडे माह्याकडे येई. तिचा स्वयंपाक खाऊन मी फुगली, अन् तो वाळत गेला. एकदा ती भांडं ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, लोकाईच्या बायका म्हणतात नवरा दारू पिते, मारते. माहा नवरा काहीच करत नाही. नुसता माह्या हातचं खात नाही." अन् पदर तोंडाले लावला. मले तिच्यापेक्षा त्याचाच राग आला. असा राग, की पोळपाट फेकून मारावा.

मग ते बारीक पाइप आले.

नवा रायपुरात जे बंगले उठले, त्यात पत्र्याचे बोगदे नकोच म्हणाले. हाताच्या पंजात मावन एवढा गोल, लवचिक पाइप. भिंतीले भोक पाडायचं, तार घालायची, अन् साप बिळात जावा तसा पाइप सरकवायचा. मशीन जोरानं हवा फेकते, अन् खोलीत बशीएवढ्या गोल तोंडातून ती उतरते. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात त्याच पाइपातून गरम. चांगली गोष्ट आहे बाप्पा, मी काहून वाईट म्हणू? पण आता वर कोणाले घुसायचंच काम नाही. खाली शिडीवर उभा राहून कोणीही पाइप ढकलू शकते.

यज्ञेश्वरनं त्याले बोलावलं, पाठीवर हात ठेवला अन् म्हणाला, "हरिदास, अब पेट भर के खाओ." सारी जवानी घेतली अन् हे देऊन मोकळा झाला. एवढं बोलायले त्याची जीभ कशी वळली, मले आजपर्यंत समजलं नाही.

हरिदास दाळमिलमध्ये चौकीदारीले लागला. दिवसभर खुर्चीवर बसायचं. तिथं कोण माप घेते? पण सकाळी पलंगाखाली जाणं सुटलं नाही. "बोलावणं आलं तं?" म्हणे. "बारीक पाइपही कुठं अडकतेच ना." कांता हात जोडे, "अहो, आतातरी जेवा." तो पाठ चोळत बाहेर येई अन् म्हणे, "आज लागली. एकच भाकर दे."

मग कांतानं ते केलं. शेजारी न्हाणीले फरशी बसवली होती, तिचे तुकडे रस्त्यावर पडले होते. तिनं ते उचलले, अन् तो मिलमध्ये गेल्यावर पलंगाच्या चारही पायांखाली एक एक सरकवला. मी नेमकी दारात उभी. तिनं ओठावर बोट ठेवलं. मले आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा अशी हासली, अशी हासली, की भिंत धरावी लागली. मी म्हटलं, "हव, बरी अद्दल घडवली पलंगाले!"

दुसऱ्या दिवशी तो पलंगाखालून निघाला तं चेहरा फुललेला. "कांता, बारीक झालो वं मी! पाठ लागलीच नाही!" अन् दोन भाकरी खाल्ल्या. काही दिवसांनी पाठ पुन्हा लागायले लागली, तं कांतानं अजून एक एक तुकडा सरकवला. माणूस खायले लागला हो! पाटोडी मागून घेई. एकदा वाटी पुढं करून म्हणाला, "अजून आहे का रस्सा?" कांता वाटी भरायले चुलीपाशी गेली अन् तिथंच रडत उभी राहिली. मी भिंतीपलीकडून तिचं हुंदकणं ऐकलं अन् म्हटलं, रड बाई, हे रडणं चांगलं. त्याचे गाल भरले. मनगटाच्या हाडावर मांस आलं. त्याची पोरगी रुचिता सासरहून आली, बापाकडे पाहातच राहिली. "पापा, आप तो हीरो लग रहे हो!" तो लाजून मिशीवरून हात फिरवत बसला. ते वर्ष त्या घराचं चांगलं वर्ष होतं. खोट्यावर उभं होतं, पण चांगलं होतं.

अन् यज्ञेश्वरचा फोन आला.

नवा रायपुरात कोण्या साहेबाच्या नव्या बंगल्यात बारीक पाइप दोन बीमांच्या मधात मुडपला होता. तार घालून ओढला तं अजूनच दबला. एका खोलीत हवाच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या पोरीचा साखरपुडा, पाहुणे येऊन बसलेले, अन् साहेब छताले सुरी लावू देत नव्हता. "हरिदास, तेरे सिवा कौन जाएगा?"

मी तेव्हा बाजारात होती. आली तं कांता पलंगावर बसलेली, चेहरा उतरलेला. म्हणाली, "ताई, ते गेले. पलंगाखालून दोनदा निघाले, पाह्य पाह्य, पाठ लागली का म्हणे. जुनी टॉर्च घेतली अन् गेले."

"अन् तू सांगितलं नाही?"

"कसं सांगू ताई? लहान पोरासारखे नाचत गेले."

"अवं, तिथं अडकला तं?"

तिनं फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. किती वेळानं यज्ञेश्वरनं उचलला. "भाभी, वो ऊपर हैं, बाद में करना." कांता म्हणाली, "भैया, उनको उतार लो." तो म्हणे, "अरे, अभी तो घुसे हैं." मी तिच्या हातातून फोन हिसकला अन् ओरडली, "ओ भैया, नीचे उतारो उसको! वो मोटा हो गया है!" तिकडे दोनतीन लोकं खदाखदा हासले. फोन कटला.

कांता पलंगाची पट्टी धरून बसली होती.

मागून समजलं, तो बीमपाशी अडकला होता. छाती बीम अन् छताच्या मधात बसली, ना पुढं जाता येई ना मागं. श्वास पुरा घेता येईना तं ओरडन कसा? पाय आपटत राहिला, तेव्हा खालच्या लोकाईले समजलं. शेवटी छत कापलंच. पीओपीचे तुकडे, भुकटी अन् माहा भाऊ, सारं मिळून साहेबाच्या सोफ्यावर उतरलं. पाहुणे मोबाइल काढून उभे होते. अन् साहेबाची बायको यज्ञेश्वरवर ओरडली, "ऐसे मोटे आदमी को क्यों भेजा?"

मोटा! माह्या हरिदासले! जन्मात पहिल्यांदा कोणी मोटा म्हटलं, अन् ते असं.

छताले भोक पडलंच होतं. शिडीवरच्या माणसानं त्यातून हात घातला, मुडपलेला पाइप सरळ केला अन् हवा चालू झाली.

घरी आला तं अंगभर पांढरी भुकटी, छाती सोललेली. पाणी मागितलं नाही, तोंड धुतलं नाही. सरळ पलंगापाशी बसला अन् पलंगाच्या पायाखाली बोटं घातली. एक तुकडा काढला. त्याच्याखालचा दुसरा काढला. दोन्ही हातात धरून पाहात राहिला.

"कोणी केलं?"

कांता म्हणाली, "मी." मग एकदम बोलायले लागली, आयुष्यभर बोलली नव्हती तेवढं बोलली. "तुमाले जेवताना पाहायले तरसली होती मी. लग्न करून आली तेव्हापासून. तुमी त्या छताचे होते, माहे कधी झालेच नाही. एक वर्ष माह्या हातचं खाल्लं तुमी. एक वर्ष! काय चुकलं माहं?"

तो तिच्याकडे न पाहाता म्हणाला, "मले सांगितलं असतं तं मी गेलोच नसतो. तू मले साऱ्या लोकांत पाडलं." त्यानं चारही पायांखालचे तुकडे काढले अन् दाराबाहेर नेऊन टाकले.

त्या दिवसापासून पुन्हा तेच. तेच नाही, त्याहून वाईट. कांता ताट वाढते, तो ताटापुढं बसते, भाकरीचा तुकडा मोडते, खिशात घालते अन् मिलमधल्या कुत्र्याले टाकते. गाल पुन्हा आत गेले. मी एक दिवस तोंड सोडलं. "बे हऱ्या, कोणासाठी वाळून राहिला? आता पाइपच बारीक झाले. माणूस लागतच नाही कोणाले."

"लागला होता ना ताई," तो शांतपणे म्हणाला. "बोलावलं होतं ना मले. मीच मावलो नाही."

घरी आली अन् खूप रडली. रडून झाल्यावर संताप आला. तो मिलमध्ये असताना भंगारवाल्याले हाक मारली अन् तो पलंग काढून दिला. माहेरची वस्तू होती, पण कांतानं स्वतः एक बाजू धरून तो गाडीवर चढवून दिला. हरिदास संध्याकाळी आला, रिकाम्या जागेकडे पाहालं, अन् सतरंजी अंथरून झोपला. मले वाटलं, सुटलो. पलंग गेला, माप गेलं. कांता मले म्हणाली, "ताई, उद्या पाटोडी करते."

सकाळी मी नळावर पाणी भरायले गेली होती. दार उघडंच होतं. हंडा घेऊन आत आली तं माह्या पलंगाखालून दोन पाय बाहेर आलेले. फुटलेल्या टाचा. मी ओळखल्या.

माहा पलंग त्याच्या पलंगाहून ठेंगणा आहे. तेवढी बारीक जागा त्याले कोणत्याच बंगल्यात लागली नव्हती.

मी हंडा खाली ठेवला. म्हटलं, "हरी, बाहेर निघ. चहा मांडते."

आतून त्याचा आवाज आला, दबलेला, छातीवर वजन असल्यासारखा.

"थांब ताई. अजून दोन बोटं पाठ लागून राहिली."